‘लावणे’ला इंग्रजीत काय म्हणतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : मराठी माध्यमातून शिकलोय, व्ही-वन व्ही-टू व्ही-थ्रीचे तक्ते करून पाचशे क्रियापदं पाठ केली, पण बोलायला तोंड उघडलं की एकही सुचत नाही. दोन महिन्यांनी मुलाखत आहे, तर नेमकी कोणती क्रियापदं शिकू आणि कशी?

आधी तो तक्ता कपाटात ठेवा. ‘अबाइड, अबोड, अबोड’ मी शाळेत पाठ केलं होतं, त्यानंतर आजवर कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही.

मीही मराठी माध्यमाचीच. पहिलीपासून इंग्रजी २००० साली सुरू झालं, आमच्या वेळी एबीसीडीच पाचवीत. कॉलेजच्या वसतिगृहात माझी रूममेट केरळची होती. उन्हाळ्यात मी तिला म्हणायचे, “पुट द फॅन.” ती उठून पंखा लावायची. दोन वर्षं हे बिनबोभाट चाललं. मल्याळममध्येही पंख्यासाठी ‘टाक’, ‘ठेव’ अशाच अर्थाचं क्रियापद वापरतात, त्यामुळे माझं चुकीचं इंग्रजी तिला अगदी बरोबर कळत होतं! पहिल्या नोकरीत मात्र दिल्लीकडच्या साहेबांना मी सांगितलं, “सर, आय विल पुट यू फोन इन द इव्हिनिंग.” ते चष्म्यावरून बघत म्हणाले, “पुट व्हॉट?” संध्याकाळी फोन लावायची माझी हिंमत झाली नाही.

त्या रात्री वहीच्या पानावर वर ‘लावणे’ लिहिलं आणि खाली घरात काय काय लावतात ते लिहीत गेले. ट्यूबलाइट लावली तर ‘टर्न ऑन’, पण देवापुढचा दिवा लावला तर ‘लाइट’. दार लावलं की ‘क्लोज’. म्हणजे बघा, एकाच शब्दाने आपण दिवा चालू करतो आणि दार बंद करतो, आणि आपला कधी गोंधळ होत नाही. गजर लावला, ‘सेट’. मलम लावलं, ‘अप्लाय’ किंवा ‘पुट ऑन’. तुळस लावली, ‘प्लांट’. गाणं लावलं, ‘प्ले’. कुलूप लावलं, ‘लॉक’. फोन लावला, नुसतं ‘कॉल’. ‘वाट लावणे’ त्या रात्री सोडून दिलं, कारण ती माझी लागलेलीच होती.

तुमची अडचण इथेच आहे असं मला वाटतं. तुम्ही ‘पुट म्हणजे ठेवणे, लावणे’ असं पाठ केलंय. क्रियापद एकटं पाठ केलं की ते एकटंच राहतं. ‘दिवा लावणे’ हा जोडीचा माल आहे, तो जोडीनेच उचलायचा : टर्न ऑन द लाइट. मोल्सवर्थचा १८५७ सालचा मराठी-इंग्रजी कोश इंटरनेटवर फुकट बघता येतो, त्यात ‘लागणें’ ही नोंद एकदा वाचा. आपल्याला इंग्रजी अवघड वाटतं ना, त्या इंग्रजाची आपल्या एका क्रियापदापायी काय दमछाक झाली असेल ते कळेल.

आता कोणती शिकायची? ऑक्सफर्डने प्रचंड मजकूर चाळून काढलेल्या यादीत सर्वांत जास्त वापरली जाणारी पहिली दहा अशी : बी, हॅव, डू, से, गेट, मेक, गो, नो, टेक, सी. दहाच्या दहा अनियमित. एकालाही नुसतं ‘ईडी’ लावून भूतकाळ होत नाही. हा इंग्रजांचा खोडसाळपणा वाटेल, पण आपल्याकडे तेच आहे. बसला, उठला, चालला सरळ होतात, पण जाणेचं गेला, करणेचं केलं, येणेचं आला, होणेचं झाला. लहान मूल “मी करलं” म्हणतं आणि आपण हसतो. रोज वापरात असलेले शब्द इतक्यांदा कानावर पडतात की त्यांची जुनी वेडीवाकडी रूपं टिकून राहतात. ‘वेन्ट’ तर मुळात ‘गो’चं नव्हेच, ‘वेन्ड’ नावाच्या दुसऱ्याच क्रियापदाचं. आणि आपलं ‘गेला’ तरी ‘जा’मधून कुठे आलंय? तेव्हा अनियमित रूपं पाठ कराच, पण तीस-चाळीसांची, आणि वाक्यातच.

रूपं पाठ असूनही “आय डिड नॉट वेन्ट” तोंडातून जातं, कारण आपण मनात “मी गेलो नाही” म्हणत असतो. मराठीत नकार आला तरी ‘गेलो’ भूतकाळातच राहतं. इंग्रजीत भूतकाळ ‘डिड’ने उचलला की मागचं क्रियापद मोकळं : डिड नॉट गो.

दुसरी मोठी खोड ‘मला’ची. मला भूक लागली, मला ताप आलाय, मला नोकरी मिळाली, मला तो स्टेशनवर दिसला. मराठीत या गोष्टी आपल्याकडे चालत येतात, इंग्रजीत माणसाला पुढे यावं लागतं : आय ॲम हंग्री, आय हॅव अ फीव्हर, आय गॉट अ जॉब, आय सॉ हिम. मनात ‘मला’ आलं की बहुतेक वेळा ‘आय’ने सुरुवात करा. अपवाद आहेत : “मला तासभर लागेल” हे “इट विल टेक मी ॲन अवर.” आपलं ‘मला’ तिथे ‘मी’ होतं, ही एक गंमतच. आणि “मला कळत नाहीये” म्हणून “आय ॲम नॉट अंडरस्टँडिंग” करू नका. “आय डोन्ट अंडरस्टँड” पुरे.

सी, लुक, वॉच आणि हिअर, लिसन यांवर लोक तासन्तास व्हिडिओ बघतात. मराठी माणसाला त्याची गरज नाही. ‘दिसणे’ म्हणजे सी, ‘कडे बघणे’ म्हणजे लुक ॲट. ‘ऐकू येणे’ म्हणजे हिअर, ‘लक्ष देऊन ऐकणे’ म्हणजे लिसन टू. वॉच राहिलं, ते टीव्ही-सिनेमा-मॅच बघायला. तसंच ‘म्हणणे’ आणि ‘सांगणे’ : म्हणाला तर ‘सेड’, सांगितलं तर ‘टोल्ड’. फक्त ‘टोल्ड’च्या पाठोपाठ माणूस लगेच हवा, मध्ये ‘टू’ नको. ही टोल्ड मी. आपल्या ‘-ला’चं आपण उगीच ‘टू’ करतो, म्हणून “आस्क टू हिम” होतं. ‘-शी’चं ‘विथ’ करतो, म्हणून “शी मॅरीड विथ हिम” होतं. ‘-बद्दल’चं ‘अबाउट’ करतो, म्हणून “डिस्कस अबाउट”. तिन्हींत मधला शब्द काढून टाका. ‘एक्स्प्लेन’ मात्र उलटं : एक्स्प्लेन इट टू मी.

वही कशी ठेवायची? माझी अजून आहे, चहाचे डाग पडलेली. एका पानावर एक मराठी क्रियापद : लावणे, घेणे, काढणे, येणे, लागणे, सोडणे. खाली स्वतःच्या दिवसातली वाक्यं, शेजारी इंग्रजी. ‘काढणे’मध्ये फोटो काढणे (टेक), चप्पल काढणे (टेक ऑफ), बँकेतून पैसे काढणे (विथड्रॉ), चित्र काढणे (ड्रॉ) अशी. नसलेल्या हत्तीवर आणि राजावर वाक्यं करू नका, ती तुम्ही कधी बोलणार नाही. रोज एक पान, आणि ते मोठ्याने वाचायचं, घरचे हसले तरी. मी भांडी घासताना वाचायचे. दोन महिन्यांत पंचवीस-तीस क्रियापदं नीट होतील आणि मुलाखतीला तेवढी बास. काळांच्या बाराच्या बारा प्रकारांमागे आत्ता लागू नका. साधा वर्तमान, साधा भूतकाळ, ‘विल’ आणि ‘हॅव’वालं एक रूप, एवढ्यावर मी पहिलं वर्ष काढलंय.

मुलाखतीत पहिलंच वाक्य बहुधा “टेल मी अबाउट युवरसेल्फ” असेल. बघा, त्यातही ‘टेल मी’ आहे, ‘टेल टू मी’ नाही. उत्तरात “आय पास्ड आउट इन २०२३” असं म्हणालात तर समोरच्या भारतीयाला कळेल. समोर परदेशी कुणी बसलं असेल तर “आय ग्रॅज्युएटेड” म्हणा, नाहीतर तुम्ही त्या साली चक्कर येऊन पडला होतात असा त्यांचा समज व्हायचा.