पंढरपूरची लोकसंख्या ९८,९२३ आणि तुमच्या शेतजमिनीवरचा टॅक्स

पंढरपूरजवळच्या एका गावातून एका शेतकरी भावांचा प्रश्न आलाय. वडिलोपार्जित सव्वादोन एकर मे २०२१ मध्ये विकली, ओळखीतल्या एकाने सांगितलं शेतजमिनीला टॅक्स नसतो म्हणून रिटर्नच भरलं नाही, आता इन्कम टॅक्सची एकतर्फी ऑर्डर आली की जमीन एक लाखावर वस्तीच्या शहरापासून ६ किलोमीटरच्या आत आहे, म्हणजे ती कॅपिटल अ‍ॅसेट, विकल्यावर नफ्यावर टॅक्स लागणारी मालमत्ता, तेव्हा टॅक्स आणि व्याज भरा. ते विचारतात, "वकीलसाहेब, आमच्याकडे ग्रामपंचायत आहे, नगरपालिकेचा आमच्याशी संबंध काय?" असे प्रश्न सोलापूर जिल्ह्यातून सारखे येतात, आणि सगळे ग्रामपंचायतीवरच अडून बसतात.

भाऊ, ग्रामपंचायत सोडा. तुमच्या व्यवहाराला लागणाऱ्या जुन्या इन्कम टॅक्स कायद्याच्या कलम २(१४) मध्ये जवळच्या नगरपालिकेची लोकसंख्या बघून तिच्या हद्दीपासून अंतर धरतात. दहा हजारांच्या वर आणि एक लाखापर्यंत असेल तर २ किलोमीटर, एक लाखाच्या वर दहा लाखांपर्यंत ६, दहा लाखांच्या वर ८. त्या अंतराच्या आत असाल तर शेतात ऊस उभा असला तरी जमीन टॅक्सच्या दृष्टीने शहरी. ऑर्डरमध्ये तुमचं हवाई अंतर ३.४ किलोमीटर लिहिलंय, म्हणजे २ चा नियम लागला तर तुम्ही बाहेर आणि ६ चा लागला तर आत. अख्खी केस एवढ्यावर आहे.

आणि लोकसंख्या म्हणजे कुठली हे त्याच कलमात लिहून ठेवलंय, व्यवहाराच्या आर्थिक वर्षाच्या पहिल्या दिवसाआधी ज्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध झालेत ती शेवटची जनगणना. तुमच्यासाठी तो दिवस १ एप्रिल २०२१, आणि त्याआधीची शेवटची जनगणना २०११ ची, कारण २०२१ ची झालीच नाही. २०११ ला पंढरपूर नगरपरिषदेची लोकसंख्या ९८,९२३. लाखाला १,०७७ कमी! आज पंढरपुरात दीड लाख लोक राहत असतील, मतदार यादी वाढली असेल, आषाढीला लाखो वारकरी येत असतील, त्यातलं काहीही इथे चालत नाही. अधिकाऱ्याने "एक लाखावर" कशावरून लिहिलं ते ऑर्डरमध्ये दिसत नाही, अंदाजाचा आकडा किंवा आजूबाजूची वाढीव वस्ती धरली असावी असं मला वाटतं, पण कलमात नगरपालिकेचीच लोकसंख्या आहे. तुमच्याच जिल्ह्यात बार्शी १,१८,७२२ आहे, तिथे ६ किलोमीटर बरोबर लागतं. सोलापूर शहर ९,५१,५५८, म्हणजे लोक कितीही दहा लाख म्हणोत, तिथेही ८ नाही, ६ च.

नगरपालिका अ वर्ग, ब वर्ग की क वर्ग असंही बरेच जण विचारतात. ते १९६५ च्या नगरपरिषद कायद्यातलं वर्गीकरण, लाखाच्या वर अ, चाळीस हजार ते लाख ब, त्याखाली क. सरकारी नोकरांच्या घरभाडे भत्त्यासाठीचं शहरांचं एक्स-वाय-झेड वर्गीकरण आणखी वेगळं, तिथे पाच लाख आणि पन्नास लाखांच्या रेषा आहेत. एका कायद्यातला वर्ग दुसऱ्यात नेऊ नका, अपिलात तर अजिबात लिहू नका, उगीच फाटे फुटतात.

पुरावा म्हणून तुम्ही तलाठ्याचा दाखला जोडलाय, "गाव पंढरपूरपासून ६ किमी". तो रस्त्याने, एसटी स्टँडपासून मोजलेला. २०१३ च्या फायनान्स अ‍ॅक्टने हवाई अंतर आणलं, तेव्हापासून रस्ता संपला. भूमी अभिलेखच्या तालुका ऑफिसकडून नगरपरिषदेच्या हद्दीपासून तुमच्या गट नंबरपर्यंतचं सरळ रेषेतलं अंतर लेखी घ्या, हद्द व्यवहाराच्या तारखेची. सोबत सोलापूर जिल्ह्याच्या २०११ च्या जनगणना पुस्तिकेतलं पंढरपूरचं पान. सातबाऱ्यावर पीक होतं का, विक्रीआधी जमिनीचं एनए, म्हणजे बिगरशेती, झालं होतं का हे तुम्ही लिहिलंच नाहीये, एनए झालं असेल तर वरचं सगळं कमकुवत होतं, त्यामुळे त्यावर मी आत्ता बोलत नाही.

आता जे मला खरंच खटकलं ते. १४८ ची, म्हणजे केस पुन्हा उघडण्याची, नोटीस आली, त्याच्या आधी कारणं दाखवा नोटीस आली, पुढे दोन नोटिसा आल्या, सगळ्या पुतण्याच्या ईमेलवर गेल्या आणि कोणी उघडल्या नाहीत. एक पानाचं उत्तर आणि जनगणनेचं पान तेव्हाच दिलं असतं तर बहुतेक तिथेच मिटलं असतं. आता अपिलाला ऑर्डर मिळाल्यापासून ३० दिवस असतात आणि तुम्ही मला ४६ व्या दिवशी लिहिताय. सोळा दिवसांचा उशीर माफ होऊ शकतो, पण कारण शपथपत्रावर द्यावं लागतं आणि ते खरं असावं लागतं, जे झालं तेच लिहा, आजारपण वगैरे घालू नका. आणि दर दिवस वाढतोय हे लक्षात ठेवा.

दुसरं, रिटर्न भरलेलं नाही, म्हणून अपील दाखल करून घ्यायला त्या वर्षीच्या अ‍ॅडव्हान्स टॅक्सइतकी (वर्ष चालू असतानाच हप्त्यांनी भरायचा टॅक्स) रक्कम भरलेली असावी लागते असं कलम २४९ म्हणतं. आपलं म्हणणं टॅक्स देणंच नव्हतं असं आहे, तर फॉर्म ३५, म्हणजे अपिलाच्या फॉर्मसोबत, त्यातून सूट मागणारा अर्ज त्याच दिवशी द्या. हा अर्ज राहिला म्हणून अपिलं पडलेली मी पाहिलीत. वसुली थांबवायला सहसा मागणीच्या २० टक्के भरायला सांगतात, कमी करून मागता येतं, मिळेलच असं नाही. आणि निकाल लगेच येईल ही आशा ठेवू नका, अपिलं वर्षानुवर्षं पडून राहतात, शेतकऱ्याचे पैसे अडकतात आणि कोणाला घाई नसते, याचा मला फार राग येतो.

बायकोच्या नावावर नवीन शेतजमीन घेतलीय त्याची ५४बी ची सूट (शेतजमीन विकून दुसरी शेतजमीन घेतल्यावर मिळणारी) पर्यायी मुद्दा म्हणून घ्या, पण घरच्यांच्या नावावरच्या खरेदीबद्दल कोर्टांचे निकाल एकसारखे नाहीत, त्यावर विसंबू नका.

उरलेला दीड एकर पुढे विकायचा म्हणता. १ मार्च २०२७ च्या संदर्भ तारखेने नवी जनगणना ठरलीय, त्यात पंढरपूर लाख ओलांडलं की २ ते ६ किलोमीटरच्या पट्ट्यातल्या सगळ्या जमिनी आत येतील. आकडे वर्षाच्या मध्ये प्रसिद्ध झाले तर त्या वर्षीच्या ३१ मार्चपर्यंत जुना आकडा धरता येईल असं कलमाच्या शब्दांवरून दिसतं, पण २०२६ च्या एप्रिलपासून नवा इन्कम टॅक्स कायदा आहे, तेव्हा इसार घ्यायच्या आधी त्यातलं कलम कोणाकडून तरी वाचून घ्या, आणि इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर ईमेल स्वतःचा टाका.