उन्हाळ्यात बाग फुलांनी भरलीये, पण फुलपाखरं आणि पक्षी का येत नाहीत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दोन वर्षं बाग करताय, उन्हाळ्यात डबल जास्वंद, गच्च पाकळ्यांचा झेंडू, गुलाब, पिटुनिया सगळं फुलतं, तरी फुलपाखरू फिरकत नाही, पक्षी थांबत नाहीत. उलट लिंबाच्या रोपाची पानं कोणीतरी कुरतडतं, म्हणून दर आठवड्याला फवारणी करावी लागते.

लिंबाची पानं जो खातोय ना, तोच तुमचा पाहुणा आहे. तुम्ही त्यालाच दर आठवड्याला मारताय.

टोमणा नाही मारत, मीही हेच केलंय. माझ्या लिंबाच्या कोवळ्या पानांवर पक्ष्याच्या शिटेसारखं काहीतरी चिकटलेलं असायचं, काळपट तपकिरी आणि मध्ये पांढरा पट्टा. मी ते काडीने झटकून टाकायचो. एकदा झटकायला गेलो तर शिटेने डोकं वर केलं आणि मानेतून नारिंगी रंगाची दुबेळकी शिंगं बाहेर काढली. वासही सुटला, उग्र आणि आंबूस. ती लिंबाळी फुलपाखराची अळी होती. लहानपणी शिटेचं सोंग घेते, मोठी झाली की कात टाकून हिरवीगार होते आणि पानात मिसळून जाते. शिंगं फक्त घाबरवायला असतात, चावत-बिवत नाही.

त्या वर्षी मी फवारा बाजूला ठेवला. पाचसहा अळ्यांनी कुंडीतलं रोप जवळजवळ खराटा करून टाकलं, हे खरं. पण लिंबू चिवट असतो, पंधरा-वीस दिवसांत त्याला पुन्हा पालवी आली. एक अळी शेजारच्या वाळक्या काडीवर गेली, शेपटाकडे रेशमाचा ठिपका आणि कंबरेला रेशमाचाच पट्टा बांधून कोष होऊन बसली. काडीवर होती म्हणून कोष तपकिरी, पानांतला दुसरा हिरवा. तपकिरी कोषातून एका सकाळी फुलपाखरू निघालं. पंख चुरगळलेल्या कागदासारखे होते. बघता बघता ते ताठ झाले, पण उडायला तासभर तरी घेतला असेल. हिरव्या कोषातून काहीच निघालं नाही. त्याला फक्त एक बारीक भोक पडलं होतं. परजीवी गांधीलमाशीने तो आधीच गाठला होता. तेव्हा हळहळलो, आता वाटतं, तीही पाहुणीच.

तेव्हा पहिलं काम, एक लिंबू खायला सोडून द्या. फळांसाठी दुसरा ठेवा आणि त्यावरच्या अळ्या हाताने उचलून पहिल्यावर ठेवा. कढीपत्ता असेल तर त्यावरही याच कुळातली काळी फुलपाखरं अंडी घालतात. रुईला जागा देता आली तर नारिंगी-काळी फुलपाखरं येतात, फक्त रुईचा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका. नुसत्या फुलांवर फुलपाखरू येतं, पितं आणि जातं. मुक्काम करतं ते पानांसाठी.

आता फुलांबद्दल. तुमच्या यादीतली बहुतेक फुलं माणसांसाठी घडवलेली आहेत. डबल जास्वंदात पाकळ्यांची गर्दी होते ती पुंकेसरांच्या जागी. पुंकेसरच पाकळ्या झाले की पराग कुठून येणार? गच्च झेंडूचीही तीच गत, मधल्या बारीक नळीसारख्या फुलांची जागा पाकळ्यांनीच घेतलेली असते. मधमाशी त्यावर उतरते, दोनचार पावलं चालते आणि निघून जाते. भरलेल्या दुकानात शिरावं आणि सगळे डबे रिकामे निघावेत, तसं. एकेरी जास्वंद, एकेरी झेंडू, एकेरी झिनिया, कॉसमॉस, सूर्यफूल लावा. तुळशीच्या आणि सब्जाच्या मंजिऱ्या खुडायचं थांबवा. कोथिंबीर फुलावर आली की उपटू नका. तिच्या छत्रीसारख्या पांढऱ्या फुलांवर सिरफिड माश्या येतात. दिसायला त्या मधमाशीसारख्या, पण डंख नसतो, आणि त्यांच्या अळ्या मावा खातात.

लाल रंग असला की सगळे धावत येतात, असा एक समज आहे. मधमाशीला लाल धड दिसत नाही. तिला निळा-जांभळा दिसतो आणि आपल्याला न दिसणारा अतिनीलही. कार्ल फॉन फ्रिश या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञांनी करड्या कार्डांच्या गर्दीत एका निळ्या कार्डावर साखरपाणी ठेवून मधमाश्यांना रंग ओळखता येतात हे दाखवलं होतं. पुढे १९७३ मध्ये मधमाश्यांवरच्या कामासाठी त्यांना नोबेल मिळालं. लाल फुलं पक्ष्यांना बरोबर दिसतात. म्हणून लाल जास्वंदावर शिंजीर येतो. तो नेहमी समोरून पितो असंही नाही. बरेचदा देठाजवळ चोचीने भोक पाडतो आणि बाजूनेच मध उडवतो. परागाला शिवतही नाही, चक्क चोरी.

मधुमालतीचा वेल लावायला जागा असेल तर दुसरा विचार करू नका. तिचं फूल संध्याकाळी उमलतं तेव्हा पांढरं असतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं, मग लाल. पांढऱ्यावर अंधार पडताना लांब सोंडेचे पतंग येतात, फुलासमोर हवेतच थांबून पितात. त्यांच्या पंखांचा घुंईं असा आवाज येतो. गुलाबी-लाल झालेल्या फुलांवर दिवसा माश्या आणि पक्षी. एकाच घोसात दोन पाळ्या.

कमी जागेत सगळ्यात जास्त मजा मला पोर्टुलाकाने दिली, ज्याला बरेच जण ऑफिस टाइम म्हणतात. रणरणत्या उन्हातच उमलतो. एकेरी जातीचा घ्या. गवताच्या काडीने त्याच्या पुंकेसरांना एका बाजूने हळूच स्पर्श करा, ते काडीकडे झुकतात. माशी आत लोळते तेव्हा हेच होतं, पुंकेसर तिच्या अंगावर वाकतात आणि ती पिवळी होऊन बाहेर पडते.

वांगी-टोमॅटो लावले असतील तर काळा भुंगा आला की हाकलू नका. टोमॅटोचा पराग नळीत बंद असतो, टोकाच्या भोकातूनच बाहेर येतो. भुंगा फूल पकडून पंख न फडफडवता छातीचे स्नायू थरथरवतो आणि मिठाच्या डबीसारखा पराग झाडून घेतो. नीट ऐका, उडतानाचा आवाज जाड असतो, फुलावरचा एकदम बारीक. मधमाशीला ही युक्ती जमत नाही.

पाण्याचं मात्र गंभीरपणे घ्या, उन्हाळ्यात फुलांइतकंच ते महत्त्वाचं आहे. पोळ्याच्या आतलं तापमान साधारण ३४-३५ अंशांवर ठेवायला मधमाश्या पाणी आणून पोळ्यात पसरतात आणि पंखांनी वारा घालतात. पसरट बशीत खडे टाका, खड्यांची डोकी पाण्याबाहेर राहू द्या, नाहीतर माश्या बुडतात. पक्ष्यांसाठी वेगळं उथळ भांडं, दोन इंचांहून खोल नको. दोन्ही रोज घासून पाणी बदला. डासाची पैदास आठवड्या-दहा दिवसांत पुरी होते, तेवढी सवलत त्याला द्यायची नाही. साखरपाणी ठेवू नका, उन्हात आंबतं आणि मुंग्या लागतात. कुंडीखालच्या ताटलीत थोडी ओली माती असू द्या. नर फुलपाखरं क्षारांसाठी ओल्या मातीवर बसतात.

फवारणी पूर्ण बंद करा असं म्हणणार नाही. मावा आला तर आधी पाण्याचा जोरदार फवारा मारा, बराचसा जातो. मगच निंबोळी अर्क, तोही सूर्य मावळल्यावर आणि उमललेल्या फुलांवर नाही. त्याआधी माव्यात नारिंगी ठिपक्यांची, काटेरी, छोट्या मगरीसारखी अळी दिसते का बघा. ती ढालकिड्याची, म्हणजे लेडीबर्डची अळी. लोक तिलाच कीड समजून मारतात, आणि ती तर मावाच खात असते.

गुलाबाच्या पानाला गोल, अगदी पंचने कापल्यासारखे कट दिसले तर तो रोग नव्हे. पानकापी माशी ते तुकडे घरट्याला नेते, झाडाला काही होत नाही. कोपऱ्यातली कोळ्याची जाळीही सगळी झाडू नका. शिंजीर आपलं लोंबतं घरटं त्याच धाग्यांनी विणतो आणि पिल्लांना कोळी-किडे भरवतो.

आणि बाग बघायची वेळ बदला. भर दुपारी तुम्ही गेलात तर कोणी दिसणार नाही, ते सगळे सावलीला असतात. सकाळी सात ते नऊ किंवा तिन्हीसांजेला जा. उद्या सकाळी जाल तेव्हा फवारा घरातच ठेवा आणि लिंबाची कोवळी पानं उलटसुलट करून बघा. मोहरीएवढा, गुळगुळीत, फिकट पिवळा एकटा मणी दिसला तर ते लिंबाळीचं अंडं. दोन-चार दिवसांत त्यातून शीट बाहेर येईल.