हरिकेनच्या गोलातला लाल ठिपका गेला कुठे? : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : काका नमस्कार, मी बारावी झालोय, सुट्टीत दुसऱ्या महायुद्धातल्या हॉकर हरिकेन या लढाऊ विमानाचं १/७२ स्केलचं मॉडेल बनवलं, आपल्या वायुसेनेच्या १ नंबर स्क्वाड्रनचं, इंफाळवालं. दोन प्रॉब्लेम झालेत. पंखांवरचे डिकल (पाण्यात भिजवून चिकटवायची छापील चिन्हं) ओले असताना मस्त दिसत होते, सुकल्यावर कडेने चंदेरी-पांढुरके झाले, मॉडेल तिरकं धरलं की अख्खी फिल्म दिसते. आणि दुसरं म्हणजे वायुसेनेच्या ओळखचिन्हाच्या गोलात लाल रंगच नाहीये, बाहेर गडद निळा, आत फिकट निळा, बस. प्रिंटिंगची चूक असेल तर ब्रशने लाल ठिपका देऊ का?

उत्तर : लाल ठिपका अजिबात देऊ नकोस! किट बरोबर आहे. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर जपानी विमानांवर लाल गोळा असायचा, आणि हवेतल्या धावपळीत लांबून लाल काही दिसलं की आपलेच लोक आपल्याच विमानावर गोळ्या झाडायची भीती, म्हणून १९४३ पासून तिकडच्या विमानांवरचा लाल रंग काढून टाकला, शेपटीवरच्या पट्ट्यांतलासुद्धा. १९४४ मध्ये इंफाळला जपान्यांचा वेढा पडला तेव्हा अर्जन सिंग या स्क्वाड्रनचे प्रमुख होते, जेमतेम पंचवीस वर्षांचे, त्यांना डीएफसी हे शौर्यपदक मिळालं ते त्याच वर्षी. त्यांची पोरं ही विमानं घेऊन डोंगरांवरून खाली उतरून शत्रूच्या हालचाली टिपायची. तुझ्या टेबलावरच्या त्या दोन निळ्या गोलांत हे सगळं आहे, मला तर किटमधला सगळ्यात सुंदर भाग तोच वाटतो.

आता डिकल. तू मॅट रंगावर थेट लावलेस ना? मॅट रंग बोटाला गुळगुळीत लागला तरी बारकाईने बघितलं तर खडबडीत असतो, त्या खळग्यांत डिकलखाली हवा अडकते आणि तीच चंदेरी दिसते. लावलेले डिकल उपटू नकोस, फाटतील. बारीक सुईने पांढुरक्या जागी टोचून घे, वरून सेटिंग सोल्युशनचा (डिकल मऊ करून नीट बसवणाऱ्या द्रवाचा) थेंब सोड, तो आत ओढला जाईल, मग ओल्या कापसाने हलक्या हाताने दाब, राहिलंच तर दुसऱ्या दिवशी परत. पुढच्या वेळी क्रम असा ठेव की रंग पूर्ण सुकू दे, मग ग्लॉस वार्निशचे दोन पातळ हात, त्यावर डिकल, त्यावर परत ग्लॉस आणि सगळ्यात शेवटी मॅट. मधे घाई करायची नाही, प्रत्येक हाताला एक रात्र दे. मी ही एक रात्र कधीच सोडत नाही, कारण खालचा हात ओला असेल तर वरचा कितीही चांगला मारला तरी पुढे तडकतो.

प्रश्न : दादा, मी पण हरिकेनच केलंय. जुनं वापरलेलं दिसावं म्हणून सिल्व्हरने रंग उडाल्यासारखे टवके दिले, अगदी शेपटीपर्यंत. मित्र म्हणतो चुकलं, पण का ते सांगत नाही.

उत्तर : मित्राचं बरोबर आहे. हरिकेनचं पहिलं उड्डाण १९३५ चं, सिडनी कॅम यांचं डिझाइन, आणि ते जुन्या-नव्याच्या मधलं विमान होतं. कॉकपिटच्या मागचं धड म्हणजे आत धातूच्या नळ्यांचा सांगाडा, त्यावर लाकडी पट्ट्या आणि वरून ताणून बसवलेलं कापड! मॉडेलच्या मागच्या भागावर ज्या लांबीच्या दिशेने जाणाऱ्या रेघा उठून दिसतात त्या त्या पट्ट्याच. कापडाखालून चांदी कुठून निघणार? म्हणजे टवके द्यायचे ते इंजिनच्या झाकणांवर, कॉकपिटच्या कडेला आणि पंखाच्या मुळाशी, जिथे पायलट आणि मेकॅनिक पाय देऊन चढायचे तिथे. तेही अगदी बारीक, कारण या स्केलमध्ये १ मिलिमीटरचा टवका म्हणजे खऱ्या विमानावर ७ सेंटिमीटरपेक्षा मोठं भगदाड. मागच्या धडावरचे टवके मूळ हिरव्या आणि मातकट रंगाने झाकून टाका, मग तिथे धुळीचा पातळ फिकट हात द्या, कापड उन्हाने विटल्यासारखं दिसतं. पंख मात्र तोवर पत्र्याचे झाले होते, तिथे थोडं चालेल.

प्रश्न : मॉडेलची कॅनॉपी (कॉकपिटवरचं पारदर्शक झाकण) चिकटवली आणि रात्रीत आतून धुरकट झाली, काचेवर दव पडल्यासारखी. आता काय?

उत्तर : इन्स्टंट ग्लू वापरलात ना, त्याची वाफ बंद जागेत अडकून प्लास्टिकवर पांढरी बसते. माझ्याही एका स्पिटफायर विमानाच्या मॉडेलचं असंच झालं होतं, आणि महिनाभर रंगवलेलं कॉकपिट त्यामागे दिसेनासं झालं तेव्हा जीव तुटला होता. कॅनॉपी हळूच कटरने सोडवा, आतून टूथपेस्ट लावून मऊ कपड्याने गोल गोल घासा, धुवा, सुकवा आणि मग ग्लॉस ॲक्रिलिक वार्निशमध्ये बुडवून टिश्यूवर कडेने टेकवून उभी ठेवा, बरीचशी पारदर्शक होते. परत चिकटवताना साधं पांढरं फेविकॉल घ्या, टूथपिकने कडेला बारीक रेघ ओढा. ओलं असताना पांढरं दिसेल, घाबरू नका, सुकलं की दिसत नाही, आणि जास्तीचं ओल्या ब्रशने निघतं.