वाऱ्यात गोल्फ खेळतोयस? मग जोर काढू नकोस

भावा, आपल्या नाशकात गोल्फ क्लब म्हटलं की लोक जॉगिंगचं मैदान दाखवतात, तो विषय सोडच 😄 पण जून-जुलैत पश्चिमेचा वारा सुटला की नवीन माणूस हमखास जोरात मारतो आणि तिथंच फसतो, कारण जोरात मारलं की बॅकस्पिन (बॉलची उलटी फिरकी) वाढतो, बॉल वर चढतो आणि समोरच्या वाऱ्यात तिथल्या तिथं पडतो. सातऐवजी सहा नाहीतर पाच नंबरची आयर्न (गोल्फची काठी; नंबर लहान तितका बॉल खालून जातो) घे, ग्रिप थोडी खाली धर, बॉल उजव्या पायाकडे जरासा सरकव (डावखुरा असशील तर उलटं) आणि निवांत अर्धा-पाऊण स्विंग कर. वारा बघायला चिमूटभर गवत उडव, पण झाडांचे शेंडेही बघ, वर वेगळाच असतो. पाठीमागून वारा असेल तर बॉल पडल्यावर जास्त पळतो, म्हणून ग्रीनच्या (होलभोवतीच्या बारीक गवताच्या) अलीकडेच टाक.