कारस्थानी म्हटलं की सासूच दिसते

माझी एक मैत्रीण मालिकांसाठी मराठी उपशीर्षकं लिहिते. सध्या तिच्या हातात एक हिंदी गुन्हेगारी मालिका आहे. तीत मंत्र्याचा एक पीए आहे. बोलायला मऊ, साहेबांचा चष्मा पुसून देणारा, आणि स्वतः कुणाला बोट न लावता तिघांचा काटा काढणारा. तपास करणारी इन्स्पेक्टर त्याला एकच विशेषण लावते. मैत्रिणीने तिथे ‘कारस्थानी’ लिहिलं, पण तिचं तिलाच पटेना. “कारस्थानी म्हटलं की मला संध्याकाळच्या मालिकेतली सासू दिसते. दुसरा शब्द दे,” म्हणाली.

तिचं खरं आहे, पण त्यात शब्दाचा दोष नाही. ‘कारस्थान’ मुळात फारसी. ‘कार’ म्हणजे काम, आणि ‘कारस्तान’ म्हणजे कामाची जागा, शिवाय मोठी कामगिरीसुद्धा. हिंदीने ‘कारस्तानी’तला ‘त’ राखला. आपल्याला त्यात संस्कृत ‘स्थान’ दिसलं आणि आपण ‘थ’ करून मोकळे झालो. पेशवाईवर लिहिणारे जुने लेखक नाना फडणवीसांसारख्याला ‘मोठा कारस्थानी पुरुष’ म्हणत, तेव्हा त्यात कौतुकही असे. डोकं चालवून राज्य सांभाळणारा, असा अर्थ. ‘राजकारण’ या शब्दाचा प्रवास याच्या उलटा. जुन्या पत्रांत आणि बखरींत ‘राजकारण’ म्हणजे बऱ्याचदा आतून चाललेलं गुप्त संधान. आज तो शाळेत शिकवायचा विषय झाला आणि ‘कारस्थान’ स्वयंपाकघरात येऊन पडलं. जिन्याआड उभी बाई, तिरकी नजर, तीनदा वाजणारं संगीत. रोज घासला तर कुठला शब्द टिकेल?

मग पुराणांकडे वळावं, तर तिथे गर्दी आहे, पण प्रत्येकाचं काम वेगळं. नारद कळलाव्या खरा, पण त्याला स्वतःला काही नको असतं. कळ लावायची आणि ‘नारायण, नारायण’ म्हणत पुढे जायचं. शकुनीला जुना हिशेब चुकता करायचाय, आणि तो नोकर नाही, मामा आहे. आपल्या पीएच्या सर्वांत जवळची म्हणजे मंथरा. ती पदरी आहे, विश्वासातली आहे, आणि तिचं शस्त्र एकच: मालकिणीचा कान. (नाशिककरांनी तर तिला फार नावं ठेवू नयेत. तिने कैकेयीचे कान भरले नसते तर राम पंचवटीत आला असता कशाला, आणि शूर्पणखेच्या नाकावरून आपल्या गावाच्या नावाची गोष्ट तरी कुठून आली असती?) पण पुरुषाला मंथरा म्हटलं की ती शिवी होते, आणि तीही भलत्याच दिशेने जाते.

‘चाणक्य’ नको. वर्तमानपत्रांनी निवडणुकीच्या प्रत्येक निकालानंतर ते बक्षीस म्हणून वाटलंय. ‘सूत्रधार’ पोलिसांच्या प्रेसनोटमधला, अटकेनंतरचा. ‘चमचा’ आणि ‘हुजऱ्या’ यांना डोकं नसतं. या माणसाला तेच जास्त आहे.

जाता जाता: त्याच्या दारावरच्या पाटीवर तू ‘स्वीय सहाय्यक’ लिहिलंयस. ‘सहायक’ कर. मदत ती ‘साहाय्य’, मदत करणारा तो ‘सहायक’ किंवा ‘साहाय्यक’. ‘सहाय्यक’ हे या दोघांचं मधलंच काहीतरी आहे. खऱ्या कचेऱ्यांच्या पाट्यांवर ते सर्रास असतं, त्यामुळे वास्तवदर्शी म्हणून ठेवलंस तरी मी भांडणार नाही.

आता उत्तर. ते मला कोशात नाही, मावशीच्या दिवाणखान्यात सापडलं. पंचवटीत तिच्याकडे बसून मी मुद्दाम या मालिकेचे दोन भाग पाहिले. एका प्रसंगात फोन वाजतो. साहेब समोरच पोहे खात बसलेत. पीए फोनवर तळहात ठेवतो, साहेबांकडे बघून हसतो, आणि हात काढून सांगतो, “साहेब मीटिंगमध्ये आहेत, तुमचा निरोप देतो.” निरोप अर्थातच देत नाही. मावशी वाती वळत होती. मान वर न करता म्हणाली, “मेला पाताळयंत्री आहे.”

हाच तो शब्द. ‘आतल्या गाठीचा’ माणूस मनातलं नुसतं सांगत नाही. पाताळयंत्री माणूस मनातलं घडवून आणतो. यात ‘यंत्र’ आहे, म्हणजे योजना, रचलेला डाव. आणि ते चालतं पाताळात, वरच्या जमिनीवर एक तडा न दिसता. ‘कारस्थानी’ माणूस उघडा पडू शकतो, पाताळयंत्री सहसा पडत नाही. शब्द लांब आहे, पण इन्स्पेक्टर तो दात आवळून म्हणू शकेल. त्या ‘त्री’त तेवढी धार आहे.

आणि त्याच्या कृतीसाठी क्रियापद हवं असेल तर ‘ध चा मा करणे’. सातव्या भागात तो साहेबांची चिठ्ठी पोचवताना एक ओळ गाळतो, तिथे ते नेमकं बसेल. गोष्ट सगळ्यांना पाठ आहे: राघोबादादांनी ‘नारायणरावास धरावे’ लिहिलं, आनंदीबाईंनी ‘ध’चा ‘मा’ केला, आणि 30 ऑगस्ट 1773 ला शनिवारवाड्यात खून पडला. खून खरा, अक्षर बदलल्याची गोष्ट मात्र ऐकीव, तिला भक्कम पुरावा नाही. गंगापूर रोडवरून नवश्या गणपतीला जाताना आनंदवल्लीची पाटी दिसली की मला दर वेळी हे आठवतं. राघोबादादांचा वाडा तिथे होता आणि गावाला नाव मिळालं ते बाईंचं. एका अक्षराचा आळ अडीचशे वर्षं वागवणाऱ्या बाईच्या नावाने आज तिथे फ्लॅट विकले जातात.

तेव्हा चौथ्या भागातली ओळ अशी कर: “मंत्र्याला नंतर बघू. आधी त्याचा तो पाताळयंत्री पीए.” मालिकेचा दुसरा हंगाम येणार म्हणतेस, आणि त्यात त्याच्या खुर्चीवर एक बाई बसणार. शब्द तसाच ठेव, त्याला लिंग नाही.