गुडघ्यातलं ‘नॅनो’ इंजेक्शन

प्रश्न : आई ६४ वर्षांची. तासगावजवळ आमची द्राक्षबाग आहे, विरळणीला ती अजूनही बायकांबरोबर बागेत असते. दोन्ही गुडघे झिजलेत. एका ठिकाणी ‘नॅनो इंजेक्शननं गादी परत तयार होते, ऑपरेशन टळतं’ असं सांगून मोठी रक्कम मागितलीय. द्यावं का?

उत्तर : पैसे भरू नका. झिजलेली गादी पुन्हा तयार करणारं कुठलंही नॅनो औषध आज माणसांसाठी मंजूर नाही.

संशोधन मात्र खरं आहे, आणि मला त्याची फार आशा वाटते. गादीला, म्हणजे कूर्चेला, रक्तवाहिन्याच नसतात. पोटातून घेतलेलं औषध तिथवर जेमतेम पोचतं. थेट सांध्यात सुई दिली तरी बरीचशी औषधं काही तासांत, फार तर काही दिवसांत निचरून जातात. कूर्चेवर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे धन भाराचे कण तिच्याकडे ओढले जातात. अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रविद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये धन भाराचे, १५ नॅनोमीटरहून लहान (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) कण घेतले, त्यांना पेशींची वाढ करणारं प्रथिन जोडलं. ते कूर्चेत खोल शिरले आणि महिनाभर टिकले. पण हे सगळं उंदरांच्या गुडघ्यात! २०१७ मध्ये तिकडे सावकाश झिरपणारं एक स्टिरॉइड इंजेक्शन मंजूर झालं, त्याचे कण मायक्रो आकाराचे, म्हणजे नॅनोपेक्षा कितीतरी मोठे. दुखणं कमी होतं, गादी वाढत नाही.

‘नॅनो हळदी’च्या कॅप्सूलबद्दलही सांगलीत रोज कुणीतरी विचारतं. हळदीतलं कर्क्युमिन आतड्यातून नीट शोषलं जात नाही, बारीक कणांनी ते सुधारतं, एवढंच. आई रक्त पातळ करायची गोळी घेत असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

आता आईंचं. मांडीचे स्नायू बळकट झाले की दुखणं खरोखर कमी होतं. खाटेवर पाय लांब करून बसवा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, ती गुडघ्यानं खाली दाबायची, पाच आकडे मोजायचे, सोडायचं. सकाळ-संध्याकाळ दहा-दहा वेळा. वजन जास्त असेल तर उतरवा : एक किलो घटलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. उकिडवं बसणं बंद, घरात कमोड बसवा. दुकानातून परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्या रोज नकोत, मूत्रपिंडावर येतं.

एवढं करूनही रात्री झोप मोडत असेल, तर उभं राहून काढलेला एक्स-रे घेऊन मिरजेत किंवा सांगलीत अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा.