नेदरलँड्समधल्या नार्डनला, ताऱ्याच्या आकाराची तटबंदी असलेल्या गावाला, पहिल्यांदा जाताय?

आधी एक सांगतो, खाली उभं राहून ताऱ्याचा आकार दिसत नाही. विमानातून काढलेला फोटो बघून गेलात तर हिरमोड होईल. म्हणून गावात शिरण्याआधी तटावर चढा आणि पूर्ण फेरी मारा. सहा बुरूज, दुहेरी खंदक. आपल्या गडांसारखी दमछाक नाही, गवताळ मातीची भिंत. तोफगोळा त्यात रुतून बसावा म्हणून. पाऊस पडून गेला असेल तर मात्र पाय सटकतो, बूट चांगले घाला. छत्री नकोच, वाऱ्यात उलटते.

मग मोठं चर्च. मान दुखेपर्यंत वर बघा, लाकडी छत चित्रांनी भरलंय. चेक शिक्षणतज्ज्ञ कोमेनियसची समाधीही गावातच आहे. नार्डन-बुसुम स्टेशनवरून चालतच जा.